काचेमागचा उत्तम

"विचार, वर्तन आणि परिसर या तीन खांबांवर व्यक्तिमत्त्वाची इमारत उभी असते," ट्रेनर सर माइकवरून सांगत होते. समोर आमच्या दवाखान्याचा सगळा स्टाफ बसला होता. कार्यक्रम खरं तर एकट्या उत्तमसाठी होता.

मी हिंगोलीत कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. उत्तम केसपेपर काउंटरवर बसतो, म्हणजे पेशंटचं नाव, गाव, वय लिहून घेतो. मूळचा डोंगरकड्याचा, गोड माणूस. पण कोरोनापासून पेशंटवर खेकसायला लागला होता.

ट्रेनिंगनंतरही खेकसणं थांबलं नाही. दवाखान्याचा कारभार माझी बायको मीना बघते. ती म्हणाली, "त्याचा स्वभावच बिघडलाय. पेशंट दुसरीकडे चाललेत. महिनाअखेर त्याला मोकळं करू."

"आधी कान तपासतो," मी म्हणालो.

ऑडिओमेट्री केली. म्हणजे हेडफोनमधून लहानमोठे आवाज ऐकवायचे, ऐकू आलं की समोरच्यानं बटण दाबायचं. उत्तमचे कान माझ्यापेक्षा चांगले निघाले.

"मग पेशंटवर काहून खेकसून राहिला?"

"मी?" तो अगदी हळू म्हणाला. "कव्हा, सर?"

दुसऱ्या दिवशी त्याला रजा दिली आणि त्याच्या खुर्चीत मीच बसलो. जवळा बाजारहून एक आजी आल्या होत्या, नवऱ्याला घेऊन.

"पेशंटचं नाव?"

आजींनी पदर तोंडाशी धरला. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत; घ्यावंच लागलं तर कुजबुजतात. ती कुजबुज काचेपलीकडेच राहिली. ही काच कोरोनात बसवलेली. खाली फक्त केसपेपर सरकेल एवढी फट.

"मोठ्यानं सांगा."

आजींचे ओठ पुन्हा हलले.

"अहो, ओरडून सांगा की नाव," मी खेकसलो. रांगेतल्या माना माझ्याकडे वळल्या.

"असं कसं वरडू, लेकरा? ते मागंच हायेत."

"मग त्यांनाच सांगू द्या."

"त्यायला ऐकू येत न्हाई. म्हणून तर आणलं इथं."

रांग हसली. सगळे हसताहेत म्हणून आजोबाही हसले. सकाळचा चहा यायच्या आत मी पुरता उत्तम झालो होतो.

मागे मीना उभी होती. "तुमचं नाव घालू का पुढच्या ट्रेनिंगला?"

"सुताराला फोन कर," मी म्हणालो.

दुपारी त्यानं चार स्क्रू काढले आणि काच निघाली. उत्तमची नोकरी राहिली. आता तो वाकून कान पुढे करतो. आज्या त्यात नवऱ्याचं नाव सांगतात आणि लगोलग सुनेचंही गाऱ्हाणं सांगून टाकतात. तो दोन्ही मन लावून ऐकतो. लिहून मात्र एकच घेतो.

बदल बघून ट्रेनर सर खूष झाले. त्यांनी उत्तमला विचारून त्याचा फोटो माहितीपत्रकावर छापला. खाली ओळ होती, 'विचार बदला, व्यक्तिमत्त्व बदलेल.' उत्तमनं ते फ्रेम करून घेतलं.

एवढं मात्र शिकलो, की कुणाचा स्वभाव ठरवायच्या आधी त्याच्या खुर्चीत अर्धा दिवस बसावं. उत्तमचा स्वभाव चार स्क्रूंवर बसवलेला होता.