मैनुद्दीन मिस्त्रींच्या फळ्या

उद्या सकाळी माझा शमशुद्दीन ती टाकी कापायला बसणार आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोरून गेनबा हलत नाही.

कसबा पेठेत आमच्या समोरच गेनबाचं वेल्डिंगचं दुकान होतं. डिझेलचं रिकामं पिंप कापताना आतली वाफ पेटली आणि गेनबा जागीच गेला. त्याला चादरीत गुंडाळणाऱ्यांत शमशुद्दीन होता. तेव्हापासून आमच्या गल्लीत जुनं पिंप काठोकाठ पाण्यानं भरल्याशिवाय कुणी कापत नाही.

शमशुद्दीन बेचाळीस वर्षांचा, सुतार. मी बी.ए. होऊन शाळेत शिकवलं. त्याला दहावीनंतर पुस्तक नको झालं. पण नुसता हात फिरवून तो लाकडातली ओल सांगतो. मांजरीला हिंदुरावांच्या शेडमध्ये जुनी लाकडी लाँच आहे, ती तो सहा महिने दुरुस्त करतोय. १९७३ साली त्याच्या अब्बांनीच, मैनुद्दीन मिस्त्रींनी, ती बांधली. आधी डिझेलची लोखंडी टाकी बसवली, मग वरून सागाच्या फळ्या ठोकल्या. आता टाकी गंजलीय आणि फळ्या कापल्याशिवाय अखंड निघत नाही.

"काप की दोन फळ्या," हिंदुराव म्हणाले. "होडी माझी हाय, तुझी नव्हं."

"फळ्या अब्बांच्या हातच्या आहेत. कापायच्या तर दुसरा सुतार बघा."

म्हणून तो आत उतरून टाकीचेच तुकडे करणार, गॅस कटरनं.

जेवताना मी विचारलं, "पाणी भरलंस?"

"टाकी गळतेय, अम्मी. दिवाळीपासून सुकवलेलं खालचं लाकूड भिजेल. चार दिवस झाकण उघडं ठेवलंय, वास गेलाय."

"गेनबाच्या पिंपालाही वास नव्हता."

"शाळा सुटून बारा वर्षं झाली, लाल पेन काही सुटत नाही तुझं." हसून त्यानं भाकरी मोडली.

तो चार वर्षांचा असताना तापानं फणफणला होता. घरात जळण ओलं. मैनुद्दीननी स्वतः केलेलं सागाचं कपाट फोडून पाणी तापवलं होतं. हे मी आज त्याला सांगितलं.

"झोप आता," म्हणाला.

हिंदुराव पाचला धारा काढायला उठतात. शमशुद्दीन सातला निघतो. तो पोचायच्या आत फळ्यांना करवत लागायला हवी. मग तो माझ्याशी बोलणार नाही, कदाचित कधीच नाही. न बोलू दे.

पाच वाजता मी हिंदुरावांना फोन करणार आहे.