ओळीला बाहेरून हात लावायचा नाही

उषाताई मुळ्ये यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे ‘निरोपाचे चार शब्द’ मागितले. निरोप? तो मी देणार नाही. ताई मध्य प्रदेशात, धारच्या आमच्या कॉलेजात संगणक शिकवतात. ‘शिकवत होत्या’ असं लिहायला माझा हात धजत नाही.

मी धार जिल्ह्यातल्या मनावर या गावाहून आले तेव्हा माझं शिक्षण सगळं हिंदीतलं, मराठी फक्त घरातली. पहिल्याच तासाला ताईंनी संगणक बंद ठेवले, प्रत्येकाच्या हाती एकेका अक्षराचा पुठ्ठा दिला आणि आम्हांला ओळीत उभं केलं. म्हणाल्या, “हा झाला टेक्स्ट बफर, टाइप केलेला मजकूर सांभाळणारा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक स्वतंत्र भाग. त्याला फक्त सांगायचं: घाल, काढ, मागचं परत आण. अक्षरं हलवेल तो. बाहेरच्यानं ओळीला हात लावायचा नाही!” मी घाईनं एकाला दंडाला धरून ओढलं, तर कडाडल्या, “अगं, तू कोण त्याला ओढणारी? क्लासला सांग!” त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते आजतागायत हललेलं नाही.

पुढं वडील मला लग्नासाठी मध्येच घरी न्यायला निघाले. ताई बसनं मनावरला आल्या, ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, पोरीला विचारलंत का? विचारल्याशिवाय ओळीतून काढू नका.” वडिलांना ओळ कोणती ते कळलं नाही, पण मला न्यायचा बेत त्यांनी सोडला. म्हणूनच आज मी त्याच कॉलेजात शिकवते आहे.

आता व्यवस्थापनाचं म्हणणं असं की, असे क्लास आता संगणकात तयार मिळतात, तर पुठ्ठ्यांची नौटंकी कशाला? नवे अध्यक्ष एकदा तासावर आले आणि पलीकडे जायला वाट हवी म्हणून त्यांनी ओळीतल्या एका मुलीला बाजूला सारलं. अख्खी ओळ ओरडली, “सर, पहले पूछो!” अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. ताई शांतपणे म्हणाल्या, “मुलं बरोबर बोलताहेत.” पुढच्याच आठवड्यात ताईंना कळवण्यात आलं की साठी झाली, आता विश्रांती घ्या. तो तास मला देऊ केला, वर तयार साहित्यानं शिकवा अशी सूचना. अरे वा रे वा! तयार गाडी चालवणारे गल्लोगल्ली आहेत, भिया, माझ्या भावा. ती आतून कशी चालते हे कुणी शिकवायचं? मी साफ नकार दिला. तो तास ताईंचा आहे.

ताई, शाल घ्या, नारळ घ्या, कौतुक पोटभर ऐका, पण पुठ्ठे परत करू नका. तुमचे गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, शंभरी पार करा. कॉलेजनं खोली दिली नाही तर सोमवारी माझ्या अंगणात ओळ लागेल. आणि तुम्हांला त्या ओळीतून काढायचं असेल, तर त्यांनी आधी आम्हांला विचारावं.