उरलेली स्प्रिंग

दादांची नजर गेली तशी धाकट्या बहिणीने त्यांना आपल्या घरी आणलं. उभा जन्म दादा कापडगिरणीत फिटर होते आणि सुट्टी मिळाली की तलावावर गळ टाकून बसायचे. सामानात त्यांचं मासेमारीचं जुनं रीळ निघालं. तिने हँडल फिरवलं तर आत वाळू करकरली.

"दुकानात देऊ या का?" तिने विचारलं.

"का, मी काय मेलोय? जुना टॉवेल अंथर."

दादांनी चाचपत एकेक स्क्रू काढला आणि सगळे भाग ओळीने मांडले. लहानपणीसारखीच ती समोर बसून ब्रशने दातेरी चाकं घासू लागली.

"ग्रीस चाकांना, तेल बेअरिंगला. तेही एकच थेंब, नाहीतर धूळ धरतं," दादांनी बजावलं. तिने मान डोलावली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून ती मोठ्याने म्हणाली, "हो दादा."

रीळ जोडून झालं, तरी टॉवेलवर एक बारीक स्प्रिंग उरली.

"दादा, ही राहिली की!"

दादा खुदकन हसले. "तेव्हाही उरायचीच. तुझं लक्ष नसताना मी खिशात टाकायचो. तू खेळायला गेलीस की पुन्हा सगळं उघडून बसायचो."

दादाचा हात कधी चुकत नाही, असं ती साठ वर्षं सगळ्यांना सांगत आली होती.

"सरक जरा," ती म्हणाली आणि तिने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. दादा सांगत गेले, ती करत गेली. तासाभराने हँडल आवाज न करता फिरलं. दादा रीळ कानाशी धरून कितीतरी वेळ ते नुसतं फिरवत बसले.