दोघींत एक गोळी

मनुबाई दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांमधून ती मासे घेऊन फिरते. माझं उभं आयुष्य नाटकात गेलं, म्हणून तिच्या हाळीला मी कान लावून बसायची. माईक बंद पडलेल्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा तो आवाज. आमच्या कंपनीत असता तर मी तिला राणीची भूमिका मिळवून दिली असती, आणि स्वतः दासी होऊन चवरी ढाळली असती.

तिच्याबरोबर असायची गोदू. दोघी भागीदारणी. बंदरावर लिलावात एकच माल घ्यायचा आणि तिथंच त्याचे दोन वाटे घालायचे. वाटे पडले की एकीनं पाठ करून बसायचं. दुसरी एका ढिगावर बोट ठेवून विचारणार, "ह्यो कुनाचा?" पाठ केलेली न बघताच सांगणार, "तुजा." मग त्यावर तक्रार नाही. दोघींचे नवरे गेल्यापासून नुसते मासेच नव्हेत, फणसाचे गरे, देवळातला प्रसाद, कुणी दिलेलं जुनं लुगडं, सगळं असंच वाटलं जायचं.

मागच्या वर्षी मनुबाईचं अंग जड झालं. पोट फुगायचं, केस गळायचे, टोपली उचलताना दम लागायचा. डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइड सांगितला आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. त्याच सुमारास तिची भाची शिवानी पनवेलला आहारशास्त्र शिकून गावी परतली आणि कोळीवाड्याच्या समाजमंदिरात दुपारी बायकांना बोलावू लागली. तिचे प्रश्न निराळेच असत. उठल्यावर पोटात पहिलं काय जातं? झोप लागते का? पाळी कशी येते, गेली असेल तर कधी गेली? आणि शेवटी, राग कुणाचा येतो?

"नावं सांगू का आडनावं?" गोदूनं विचारलं. "आडनावं सांगितली तर सगला वाडाच येईल त्यात."

शिवानी मला म्हणायची, "आजी, पोट, झोप, पाळी, मन, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं." मला ते लगेच पटलं. रंगभूमीवर एकाचा प्रवेश चुकला की बाकीच्या पात्रांचे पाय लटपटतात, तसंच ते.

या बायकांचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. होडी लागेल तेव्हा बंदर गाठायचं. तोवर चहा आणि खारी, पुन्हा चहा आणि खारी, आणि उन्हं कलल्यावर पोटभर भात खाऊन आडवं व्हायचं. शिवानीनं होडीची वेळ बदलायला सांगितली नाही. घरून निघताना नाचणीचं आंबील प्यायचं, जेवणात मासळीबरोबर पालेभाजी, वर ताक नाहीतर कोकमाचं सार, आणि चहा कमी, एवढंच सांगितलं. मनुबाईला मात्र ती दर वेळी बजावायची, "मावशी, गोळी डॉक्टरांची, ताट माझं. ताट सुधारलं म्हणून गोळी सुटत नाही. आधी गोळी, मग थोडं थांबून आंबील."

मनुबाईचं पोट हलकं झालं. चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. गोदूनंही आंबील सुरू केलं होतं, पण तिचं जाड अंग आणि चढावावरचा दम तसाच राहिला. मनुबाईच्या मनाला ते लागलं. आपल्याला दोन चांगल्या गोष्टी मिळाल्या, ताट आणि गोळी. गोदूला एकच. हा वाटा बरोबर नाही.

"तुला बी माज्यावानीच होतंय नव्हं?" ती गोदूला म्हणाली. "मग दवा बी तीच. आज तुजी, उद्या माजी."

दोघींनी ही गोष्ट लपवली असं नाही. वाटा घातल्याची दवंडी कुणी पिटत नाही, एवढंच.

गोदू बघता बघता वाळली. पाय उचलून चालायला लागली, बोलणं दुप्पट झालं. कोळीवाडा म्हणाला, बघा, आंबिलाची करामत. दुकानातली नाचणी संपली. शिवानी आधी खूश झाली, मग गप्प. गोदूच्या हाताला कंप सुटला होता, झोप उडाली होती. शिवानीनं तिचा उरलेला चहाही बंद केला. फरक पडला नाही. डॉक्टरांकडे जाऊन ये असं ती सांगत राहिली, आणि गोदू हसण्यावारी नेत राहिली. "बारीक झाल्याचं औषध अस्तं काय, पोरी?"

इकडे मनुबाईची हाळी खाली उतरली. घोगरी, जड, ओल्या गोणपाटासारखी. सर्दीनं बसलेला आवाज मी शेकडो वेळा ऐकलाय. हा तसा नव्हता. मी शिवानीला सांगितलं. तिनं माझ्यासमोरच विचारलं, "मावशी, गोळी घेतेस ना?"

"घेते की," मनुबाई म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी माझ्याच ओट्यावर गोदू सुरमई कापत होती. मध्येच थांबली. "छातीत पाखरू फडफडतंय ग," म्हणाली, आणि खांबाला टेकून खाली घसरली. रिक्षात घालून मनुबाईनं आणि मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिचा मुलगा विनेश होडीवरून तसाच ओल्या कपड्यांनी आला. शिवानीही धावत आली.

डॉक्टरांनी विचारलं, "कसली औषधं चालू आहेत?"

"औषध कसलं बी न्हाय," विनेश म्हणाला. मग त्यानं शिवानीकडे हात केला. "ही काय खायला सांगते तेवढंच. हिच्याच नादानं आई वाळली."

मी मनुबाईकडे पाहिलं. रंगमंचावर वाक्य विसरलेली माणसं मी खूप पाहिलीत. इथं वाक्य तोंडात तयार होतं. बोललं तर गोदू जाणार होती तिच्यापासून. नाही बोललं तर कदाचित सगळ्यांपासूनच.

मनुबाईनं कमरेचा बटवा सोडला आणि गोळ्यांची पट्टी डॉक्टरांपुढे धरली. "ही. एक दिस मी, एक दिस ती. मी दिली."

गोदूचं काळीज आधीपासून अशक्त होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नको असलेल्या गोळीनं ते उधळलं, असं डॉक्टर म्हणाले. काय पोटात गेलं ते वेळेत कळलं, पुढचे उपचार अलिबागला झाले आणि गोदू वाचली. विनेशनं मनुबाईला दार बंद केलं. शिवानी माझ्याकडे येऊन रडली. "घेतेस का, एवढंच विचारलं मी," म्हणाली. "रोज घेतेस का, हे नाही विचारलं."

गोदू घरी परतल्यावर बऱ्याच दिवसांनी, विनेश समुद्रावर असताना, तिचा निरोप आला. मनुबाई एकटी जाईना, म्हणून मला बरोबर घेतलं.

गोदू खाटेवर बसली होती. "विनेश म्हनतो, हिनं तुला मारली अस्ती," ती म्हणाली. "मी म्हनलं, तिनं दिली, मी खाल्ली. तिनं माज्या तोंडात कोंबली न्हाय."

"मग येतीस बंदरावर? बरी झाल्यावर?"

गोदूनं पदर सारखा केला. "त्याच्याच हातचं पानी प्यायचंय मने, हितनं पुढं."

मग गोदू आपली गिऱ्हाइकं सांगू लागली. "मास्तरनीला कोलंबी सोलून देत जा, तिला येल नस्तो. मशिदीमागच्या खालाला सुरमईचं डोकं ठेव, ती मागत न्हाय पन वाट बघते. देवलापाशी म्हातारा हाय त्याला काट्याचं देऊ नको, त्याला दिसत न्हाय." एकेक घर ती सोपवत होती, आणि मनुबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत मान हलवत होती.

"हलू सांग," ती शेवटी म्हणाली. "माज्या डोक्यात काय ऱ्हात न्हाय आताशा."

"ऱ्हाईल," गोदू म्हणाली. "आता गोली पुरी तुजीच हाय." आणि पुढचं घर सांगायला लागली.