श्री. आणि कै.

अमडापूरच्या बाजारात आमचा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, भिंतीला लावलेले खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या उलट्या अक्षरांचे, कप्पे आणि स्टुलावर बाबा. बाबा अक्षरं उलटी वाचतात आणि माणसं सरळ, असं गिऱ्हाइकं म्हणायची. मला दोन्ही धड जमलं नाही.

लग्नपत्रिकेचे जुळवलेले खिळे बाबा लग्न लागेपर्यंत तसेच सुतळीने बांधून ठेवत. न जाणो, पत्रिका कमी पडल्या तर! तेरवीच्या पत्रिकेचं मात्र वेगळं होतं. शेवटचा कागद मशीनमधून निघाला, की चहासुद्धा न घेता ते मजकूर सोडायला बसत. आधी गेलेल्या माणसाचं नाव. एकेक अक्षर ज्याच्या त्याच्या कप्प्यात. याला त्यांचा शब्द होता ‘नाव मोडणं’. गेलेल्याचं नाव छापखान्यात मुक्कामाला राहिलं, तर त्याचा पाय अडकतो म्हणे. मी हसायचो. चार बुकं शिकलेल्या पोराला बापावर हसायचा हक्क आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

बीटी कपाशी नवी नवी आली होती ती वर्षं. बियाण्यांच्या पत्रकांनी आम्हाला मान वर करू दिली नाही. पिवळा कागद, त्यावर हे एवढं बोंड आणि खाली ठळक अक्षरांत ‘फवारणीची कटकट संपली’. मजकूर दुकानदाराचा, खिळे आमचे. गावोगावच्या लोकांनी ती पत्रकं घडी घालून खिशात ठेवली.

कामाचा असा रेटा असताना पुण्याला छपाईच्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं आणि मी बाबांना एसटीत घालून घेऊन गेलो. भला मोठा गार हॉल. खिळे नाहीत, फिल्म नाही, कॉम्प्युटरवरून थेट कागदावर छपाई. एक मशीन तर प्रत्येक कागदावर वेगळं नाव छापत होतं. मी जत्रेत आल्यासारखा या स्टॉलवरून त्या स्टॉलवर फिरत होतो. बाबांना एकच गोष्ट खटकली होती. एवढी यंत्रं, आणि शाईचा वास कुठेच नाही.

टाय घातलेल्या एका विक्रेत्याने आम्हाला बसवून घेतलं. “यात टाकलेलं काही जात नाही, काका. मोठ्या मुलीची पत्रिका केलीत, की धाकटीच्या वेळी फक्त नावं नि तारीख बदलायची. पाच मिनिटांचं काम!”

बाबांनी विचारलं, “मोडता येते काय?”

“छे हो, मोडतंय कसलं! चांगली गॅरंटी आहे.”

“मशीन नाही ना बाप्पा. नाव. माणसाचं नाव मोडता येते काय यात?”

विक्रेता माझ्याकडे बघून गालात हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचा दंड धरून मी त्यांना तिथून उठवलं. त्या दिवशी मला बापाची लाज वाटली, याची लाज आजही जात नाही.

कॉम्प्युटर आणि छपाईचं नवं मशीन आलं. ट्रेडल भंगारात गेलं, खिळे वजनावर गेले. बाबा मात्र रोज सकाळी येऊन त्याच स्टुलावर बसायचे, हात मोकळे ठेवून.

नव्या मशीनवरची पहिली रंगीत लग्नपत्रिका शेजारच्या गावातल्या एका कास्तकाराच्या थोरल्या लेकीची. त्या साली त्याची कपाशी उत्तम झाली होती. तो माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता. “लेक माही, मांडव माहा, मंग नाव बारीक काऊन? जरा मोठं करा ना भाऊ.” मी त्याचं नाव मोठं केलं. आणखी मोठं केलं. तो लहान मुलासारखा खूश झाला.

पुढे बीटीवरही किडी येऊ लागल्या. संपलेली फवारणी परत आली, दुप्पट होऊन. भर उन्हात पंप पाठीवर घेऊन फवारता फवारता त्या कास्तकाराला विष चढलं. बुलढाण्याला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याच्या तेरवीची पत्रिका मीच केली. बाबांनी विचारलं, “नाव मोडलं काय?” मी म्हणालो, “हो बाबा, मोडलं.” कॉम्प्युटरमध्ये कोण बघतंय!

नंतर धाकटीचं लग्न ठरलं. तिचा काका मजकूर घेऊन आला. मी थोरलीच्या पत्रिकेची फाइल उघडली. मुलगी बदलली, नवरदेव बदलला, तिथी बदलली. वधूपित्याची ओळ तशीच ठेवली. बाप तर तोच होता. काकाने नमुना तपासला, म्हणजे स्वतःचं नाव बरोबर आहे ना, तेवढं बघितलं. पत्रिकेत प्रत्येक जण आधी स्वतःलाच शोधतो.

पत्रिका गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलीची आई आली. चार इयत्ता शिकलेली बाई. तिने एक पत्रिका बाबांपुढे ठेवली आणि बोट टेकवलं. “भाऊ, यायच्या नावाआंधी श्री. हाये.”

बाबांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली. ‘कै.’ हवं होतं तिथे ठसठशीत ‘श्री.’ होतं, आणि पुढे ते मोठं केलेलं नाव. “चुकलं काकू,” मी कसंबसं म्हणालो, “आजच्या आज नव्या छापून देतो.”

“छापा. पण हे एक मले राहू द्या.”

“काऊन बाई?” बाबांनी विचारलं.

“पोरीच्या मांडवात उभं राहाची लय हौस होती त्यायले.” तिने पत्रिका पदराने पुसली. “एका कागदावर तरी उभे असू द्या.”

ती गेली. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू तर मोडलं म्हणत होता ना बे? काढ ते आता. माह्यासमोर काढ.”

मी थोरलीच्या पत्रिकेची फाइल शोधली आणि काढून टाकायचं बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली.

“काय म्हणते ते?”

“विचारते, खरंच काढायचं का म्हणून.”

बाबा स्टुलावर बसले. आपल्या बोटांकडे बघू लागले. नखांतली शाई केव्हाच गेली होती.

“म्या एवढी नावं मोडली,” ते म्हणाले, “मले कधी कोणं विचारलं नाही.”

मी थांबलो होतो. चौकटही थांबली होती.

“नाही म्हण त्याले,” बाबा म्हणाले.

मी ‘नाही’ दाबलं. ते नाव अजून तिथेच आहे, मोठ्या अक्षरांत, श्री.सकट.