हत्तीण सुटली तेव्हा

कॅरमल पॉपकॉर्नचा वास आला की दुबईतलं ते थिएटर आठवतं. जंगलातल्या साहसाचा तमिळ सिनेमा होता. शेजारी कुठल्याशा कंपनीच्या कामगाराच्या गणवेशात एक तमिळ काका बसले होते. मध्यंतरात ते माझ्या मुलीला म्हणाले, "गाँव में मैं हाथी संभालता था." पुढे पडद्यावर शिकाऱ्यांनी हत्तिणीला साखळदंड घातले, तसे काका हुंदके देऊ लागले. मागच्या रांगेतला एक माणूस ओरडला, "इसको बाहर निकालो!" लगेच थिएटरच्या कर्मचाऱ्याने त्यांना उठवलं. "टिकट है उनके पास!" म्हणून मी भांडले, पण काका हात जोडून निघूनही गेले. शेवटी हत्तीण सुटली, तेव्हा मागच्या रांगेतल्या त्याच माणसाने कडकडून टाळ्या वाजवल्या. "मम्मा, व्हाय इज ही क्लॅपिंग?" मुलीने विचारलं. ते आठवलं की अजून संताप होतो.