देवीच्या दवन्यात गाजरगवत

चैत्री पुनवेला गावदेवीला दवना वाहिल्याशिवाय आमच्याकडं पालखी उचलत नाय. तो आनायचा मान आमच्या घराचा. बापामागं माझ्याकडं आला, म्हंजे देवीकडनं पन कधीतरी चूक होतेच. एका साली जरी चुकला तर मान भावकीतल्या दुसऱ्या घरात जातो. ते घर माझ्या चुलतकाकाचं. गाव बोलायचं, म्हातारा टपूनच बसलाय.

दरसाल मी आदल्या दिवशी बाजारातनं जुड्या आनतो. यंदा जासईच्या कंटेनर यार्डात डबल ड्युटी लागली. दोन ड्युट्यांच्या मधे फुलवाल्याकडं पोचलो तर दवना खलास. दुसरा कोनी असता तर घाबरला असता. मी हसलो. यार्डाच्या मागच्या भरावावर दवना ढिगानं उगवलेला मी रोज बघायचो. सकाळी ड्युटीवरनं सुटलो, उघड्या हातानं गोनी भरली आन शिट्टी वाजवत घरी.

बायकोनं गोनीत तोंड घातलं. "वास कुठाय याला?"

"ताजा हाय. वास मागनं सुटतो."

"तुमच्या नाकाला येतोय का?"

"सर्दी हाय मला." खरं म्हंजे तोंडात मशेरी होती. तिच्यापुढं मला गटार पन मोगरा वाटतं.

तेवढ्यात काका दारात. सगळी तयारी झाली का बघायला आलेले. एक डहाळी उचलली, चुरगाळली, नाकाला लावली.

"काय रे, देवीला गाजरगवत खिलवनार?"

पान सेम टू सेम कातरलेलं, मी तरी काय करनार! पन हात कोपरापर्यंत लाल झालेले, खाजवून खाजवून जीव चाललेला. मला वाटलेलं, पालखीचा दिवस हाय, अंगात येत असंल.

बायको खालीच बसली. लग्न होऊन आल्यापासनं दवन्याचं ताट तीच भरत आली. तिच्या सासूनं मरताना तेवढंच सांगितलेलं, हे सोडू नको. रिकामं ताट तिनं पदरानं पुसलं आन बाजूला ठेवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी चपला घातल्या. मी मनात म्हटलं, चालले पंचांना सांगायला.

"बघतोस काय? गाडी काढ."

बाईकवर मागं बसून त्यांनी मला यार्डाच्या पलीकडं नेलं, जुन्या मिठागराच्या बांधापाशी. तिकडं नुसती कोरडी रेती. दुसरं काय उगवत नाय. काका वाकून वाकून एकेक पान चुरगाळत चालले. एका जागी थांबले आन मला पान्याची बाटली दिली.

"पयला चूळ भर."

भरली. मग त्यांनी बोटं माझ्या नाकाखाली धरली. कडू, गोड, थंडगार वास थेट मेंदूत गेला. एवढी वर्षं मी देवीला काय वाहत होतो ते मला त्या दिवशी कळलं.

"रानदवना," काका म्हनाले. "तुझी आजी हाच वाहायची. बाजाराचा मागनं आला."

आमी दोघांनी जुड्या बांधल्या. माझ्यानं ऱ्हावलं नाय. "काका, गप बसला असता तर मान तुमचा होता."

"देवीला बिनवासाची बसवून मान घेऊ? तुझी अक्कल बघता माझा नंबर लागंलच की कधीतरी."

पालखीच्या टायमाला देवळात वास भरला. पंच म्हनाले, यंदाचा दवना जोरदार हाय. काका लगेच, "पोरगा सकाळपासनं रेतीत हुडकत होता."

सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. तशी मला सवयच नाय. मी गोनीपासनं सगळी गोष्ट सांगून टाकली, हात वर करून चट्टे पन दाखवले. देऊळ हसायला लागलं.

"अरे गाढवा, मी झाकतोय आन तू उघडतोस!" काका ओरडले.

"म्हंजे चुकला का मान?" पंचांनी इचारलं.

मी चट्ट्यांचे हात पाठीमागं घेतले. काका म्हनाले, "चुकला कुठं? देवीसमोर दवना हाय ना? हाय. मग झालं."

बायको ताट घेऊन पुढं आली. अर्धी जुडी तिनं काकांच्या हातात ठेवली, अर्धी माझ्या. "दोघं मिळून वाहा," म्हनाली. मला इचारलं पन नाय. बरं केलं. आमच्या घरात शहानपन लग्न करूनच आलंय.